उरलेले आयुष्य कोणी मोजायचे?

आमच्या उदगीरमध्ये फार वयस्कर माणसांना वय विचारले, तर ती आकडा सांगत नाहीत. ‘पोलीस ॲक्शनच्या साली मी रोजे धरू लागले होते,’ असे उत्तर मिळते. म्हणजे 1948 मध्ये आठ-दहा वर्षांची असलेली ती मुलगी आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. आधार कार्डावर मात्र 1 जानेवारी आणि अंदाजाने टाकलेले एखादे साल.

आमच्या नानींचीही जन्मतारीख कुणाला ठाऊक नव्हती. पण मरणाची तारीख ठाऊक असल्यासारखे आम्ही वागलो. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डोळ्यांचा दवाखाना गावातच. तरी ‘आता या वयात कशाला? किती दिवस उरलेत?’ म्हणत आम्ही दोन वर्षे घालवली. नानी तक्रार करीत नव्हत्या, म्हणून त्यांना गरज नाही असे समजलो.

आमचे गणितही चुकले होते. भारतात जन्मावेळचे सरासरी आयुर्मान सुमारे 70 वर्षे, म्हणून सत्तरीनंतरचे जगणे उधारीचे, असे वाटते. पण त्या सरासरीत बालपणीच गेलेली मुलेही येतात. जो साठीला पोहोचला, त्याच्यापुढे सरासरी आणखी 18 वर्षे असतात. ऐंशीनंतरही काही वर्षे उरतातच. 2024 मध्ये आयुष्मान योजना सत्तरी गाठलेल्या सर्वांना खुली झाली, वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत. ‘आता कशाला’ हा शब्द सरकारचा नव्हे, घरचा आहे.

आणि समजा, सहाच महिने उरले असते, तर? कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल, तर ते लावावे, अशी हदीसची शिकवण आहे. रोपाला किती दिवस मिळतील, हा हिशेब लावणाऱ्याने करायचा नाही.

प्रत्येक म्हाताऱ्या जिवाला नळ्या लावून ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. पुरे म्हणण्याचा हक्क त्यांचा आहे. त्यांच्या वतीने आपण पुरे म्हणू नये, एवढेच.

शेवटी ऑपरेशन झाले. काही दिवसांनी नानींनी तांदळाचे ताट मागितले आणि खडे निवडू लागल्या. पुढे चार वर्षे जगल्या. मौत अल्लाहच्या हाती, हे खरे. पण अंधारातली ती दोन वर्षे आमच्या हातची होती. त्यांचा जाब आम्हालाच द्यावा लागेल.