प्रेक्षकाची जबाबदारी

करमणूक म्हटली कीं नीतीचा विचार बाहेर ठेवूनच तंबूंत शिरावयाचें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः जो आनंद दुसऱ्याच्या श्रमांतून व धोक्यांतून निर्माण होतो, त्याचा हिशेब प्रेक्षकास चुकवितां येत नाहीं. मुलाबाळांसह सर्कशीस जाणाऱ्या कुटुंबांनीं तर हा विचार अवश्य करावा. कारण मुलें तेथें केवळ खेळ पाहत नाहींत, वडील माणसें कशास टाळ्या वाजवितात तेंही पाहतात.

हा खेळ महाराष्ट्रास परका नाहीं. अश्वविद्येंत पारंगत असलेल्या विष्णुपंत छत्र्यांनीं एक इटालियन सर्कस पाहून १८८० सालीं स्वतःची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. युरोपांतही आधुनिक सर्कशीचा पाया १७६८ सालीं लंडनमध्यें फिलिप ॲस्टले या घोडेस्वारानेंच घातला. पुढें रिंगणाचा ४२ फुटांचा व्यास रूढ झाला. अशा वर्तुळांत घोडा एका लयींत दौडूं लागला म्हणजे त्याच्या पाठीवर उभा राहिलेला स्वार आंतल्या बाजूस झुकून तोल सांभाळतो. मुलांस जी जादू वाटते ती घोड्याच्या अचूक चालीवर आणि स्वाराच्या दीर्घ अभ्यासावर उभी असते.

परंतु या दोघांत एक मोठा भेद आहे. स्वारानें धोका जाणून पत्करलेला असतो. ती संमति पोटाच्या गरजेनें दिलेली असेल तर ती कितपत स्वतंत्र, हा प्रश्न उरतोच. आणि अल्पवयी मुलाची संमति ही तर संमतीच नव्हे. सर्कशींत मुलांस कामास लावण्यावर बंदी घालण्याचा आदेश २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें केंद्र सरकारास दिला, तो योग्यच होय. घोड्यास मात्र कोणी विचारीतच नाहीं. १९९८ च्या सरकारी अधिसूचनेनें अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह यांचे खेळ निषिद्ध झाले. घोडा त्या यादींत नव्हता. पण यादींत नांव नाहीं म्हणून अन्यायही नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं.

दौडणें हा घोड्याचा स्वभावच, मग त्यांत क्रौर्य कोणतें, असें कित्येक विचारतील. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. मायेनें शिकविलेला घोडा उत्साहानें काम करतो, हें जाणकार सांगतात. तथापि रिंगणांत त्याचा तुरा व झूल दिसते; शिकवण कशी झाली तें दिसत नाहीं. म्हणून आमची कसोटी साधी आहे: ज्या खेळाची तालीमही मुलांस निःसंकोच दाखवितां येईल, तोच खेळ त्यांस दाखवावा.

दुसरी कसोटी आपल्या स्वतःच्या मनाची. झोक्यावरील कसरतीखालीं जाळें बांधलें म्हणून उडीचें कौशल्य तिळमात्र कमी होत नाहीं; हाताची पकड तीच, क्षणाचा अंदाज तोच. असें असूनही आपला आनंद उणावत असेल, तर आपण दाम मोजले ते कौशल्याचे नव्हेत, दुसऱ्याच्या मरणाच्या शक्यतेचे होत.

सर्व दोष मालकाच्या माथीं मारणें सोपें आहे. पण टाळ्या जिकडे पडतील तिकडेच तो आपला खेळ वळविणार. मुलांना सर्कशीस न्यावें कीं नाहीं, यापेक्षां त्यांच्या शेजारीं बसून आपण कशास दाद देतों, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.