ओरडतो तो पट्टा, दोष कुणाचा?



सकाळच्या गारठ्यात जुनी गाडी सुरू केली की पुढच्या बाजूने किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि मिनिटाभरात थांबतो. मालक म्हणतो, "बेल्ट वाजतोय, टाकू कधीतरी नवा." या साध्या उद्गारात एक निवाडा दडलेला आहे. जो ओरडतो तोच दोषी, असे ठरवून आपण मोकळे होतो. हा निवाडा न्याय्य आहे का? आणि दोष सापडण्याआधीच आवाज बंद करण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

उदाहरणासाठी आम्ही मुद्दाम एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली आहे. जपानच्या माझ्दा कंपनीने 1989 साली एमएक्स-5 ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी गाडी बाजारात आणली. अमेरिकेत ती मिआटा या नावाने ओळखली जाते. तिची पहिली पिढी 1997 पर्यंत निघाली. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हौशी माणसे आजही या तीस वर्षांच्या गाड्या आपल्या हाताने दुरुस्त करतात आणि एकमेकांना विकतातही. आपल्या रस्त्यांवर ती सहसा दिसत नाही. पण तिची रचना साधी असल्यामुळे आमचा मुद्दा तिच्यावरून चटकन कळेल.

या इंजिनाच्या पुढच्या बाजूला दोन पट्टे असतात. एक पट्टा आल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवतो, दुसरा पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर. (आपल्याकडे सवयीने अशा पट्ट्याला फॅनबेल्ट म्हणतात, या गाडीचा पंखा मात्र विजेवर चालतो.) म्हणून पहिला प्रश्न असा की दोघांपैकी बोलतोय कोण? दिवे लावले, आतला पंखा जोरात सोडला आणि आवाज वाढला, तर आल्टरनेटरवर भार पडला आहे. संशय पहिल्या पट्ट्याकडे जातो. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवताना किंवा एसी लावताना किंचाळी आली, तर दुसऱ्याकडे.

पण पट्टा सापडला म्हणजे अपराधी सापडला असे नव्हे. चांगला मेकॅनिक येथे घाई करत नाही. इंजिन मंद चालू ठेवून, हात आणि सैल कपडे दूर राखून, तो पट्ट्याच्या आतल्या रेघांच्या बाजूवर थोडेसे पाणी फवारतो. आवाज क्षणभर गेला आणि पुन्हा आला, तर बहुधा एखादी पुली इतरांच्या रेषेत नाही. उलट आवाज वाढला, तर पट्टा ढिला असून घसरतो आहे. तरीही शंका उरली तर पट्टा काढून इंजिन काही सेकंद चालवतात. फार वेळ नाही, कारण तेव्हा पाण्याचा पंप थांबलेला असतो. पट्टा नसतानाही आवाज येत राहिला, तर बिचारा पट्टा निर्दोष! मग इंजिन बंद करून एकेक पुली हाताने फिरवायची. जिथे खरखर लागते किंवा पुली डुगडुगते, तिथले बेअरिंग गेलेले असते. आवाज पट्ट्याच्या नावावर, झीज मात्र दुसऱ्याची.

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. या गाडीत पट्टा आपोआप ताणून धरणारी योजना नाही. आल्टरनेटर बोल्टने सरकवून ताण माणसालाच द्यावा लागतो. साहजिकच उतावळा माणूस काय करतो? आवाज थांबेपर्यंत बोल्ट आवळत जातो. आवाज थांबतोही. पण जादा ताणाचा सगळा भार आल्टरनेटर आणि पाण्याचा पंप यांच्या बेअरिंगवर येतो. ती काही ओरडत नाहीत. मुकाट्याने झिजतात आणि पुढे कधीतरी भर रस्त्यात पाण्याचा पंप दगा देतो, इंजिन तापते. तक्रार करणाऱ्याला आवळून गप्प केले आणि त्याची किंमत गप्प बसणाऱ्याने मोजली. असे आपल्या घरांतही घडते, पण तो विषय आज नको.

दुसरा मार्ग याहून सोपा आहे. पट्ट्यावर मारायचा एक फवारा मिळतो. तो मारला की पट्टा चिकट होतो आणि काही दिवस शांतता. घरच्याच गाडीवर कुणी तो मारला तर फार तर स्वतःची फसवणूक होईल. पण उद्या गिऱ्हाईक येणार म्हणून आज फवारा मारला, तर? विकणारा एकही खोटा शब्द बोललेला नाही. "घेणाऱ्याने पाहून घ्यावे," असे तो म्हणेल.

आमच्या मते हे खोटे बोलणेच आहे. आपल्या देशाचा 1872 चा करार कायदाही येथे फरक करतो. त्याच्या 17 व्या कलमात ठाऊक असलेली गोष्ट कृतीने लपवण्याला फसवणुकीत धरले आहे. नुसते गप्प राहणे मात्र, बोलण्याचे कर्तव्य नसेल तर, सहसा फसवणूक ठरत नाही. म्हणजे न सांगणे वेगळे आणि दडवणे वेगळे. फवारा मारणारा गप्प बसलेला नसतो. गाडीच्या तोंडून जे सत्य बाहेर येत होते त्यावर त्याने बोळा कोंबलेला असतो.

नजरेवर भिस्त ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाची तर आणखीच पंचाईत होते. जुन्या प्रकारच्या रबराचे पट्टे झिजले की त्यांना भेगा पडत आणि त्या दिसत. अलीकडच्या ईपीडीएम रबराचे पट्टे भेगा न पडताही टायरसारखे झिजतात. वरून धडधाकट, आतल्या रेघा मात्र खोल गेलेल्या. डोळ्याला जे कळत नाही ते कानाला कळते, आणि नेमका तोच पुरावा फवारा पुसून टाकतो.

कुणी विचारील, "मलाच कारण कळलेले नाही, मी काय सांगू?" प्रश्न प्रामाणिक आहे. प्रत्येक विकणाऱ्याने मेकॅनिक व्हावे अशी अपेक्षा कुणीच करणार नाही. ताण पाहिला, पट्टा बदलला, तरी आवाज आला, एवढे सांगता येते. तेलाची गळती असेल तर ती दाखवता येते. तेल लागलेला पट्टा वाजतो आणि गळती तशीच राहिली तर नवा पट्टाही खराब होतो. तेही जमत नसेल, तर एक गोष्ट कुणालाही जमण्यासारखी आहे. गिऱ्हाईक येण्याआधी गाडी गरम करून ठेवू नये. सकाळचीच वेळ द्यावी, बॉनेट उघडावे आणि थंड इंजिन त्याच्यासमोर सुरू करावे. किमतीतून थोडे कमी होतील, हे खरे.