क्युलिसिफेसीस, पण कोणता?

चि. मुग्धा,


गडचिरोलीत कीटक समाहारक म्हणून रुजू झालीस, पहाटे टॉर्च आणि सक्शन ट्यूब घेऊन गोठे पालथे घालतेस, हे वाचून बरं वाटलं. तुझी तक्रारही वाचली. ॲनाफेलीस क्युलिसिफेसीस हा डास ओळखता यायला लागला, तोच साहेब विचारतात, ‘यातला कोणता?’ डास तर सगळे सारखेच दिसतात!

आधी भिंगाखाली जे दिसतं ते पक्कं कर. ॲनाफेलीसच्या मादीचे सोंडेशेजारचे पाल्प सोंडेइतके लांब असतात, ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. मग पंख. तिसरी शीर बहुतेक काळी असेल तर क्युलिसिफेसीस, बहुतेक फिकट असेल तर फ्लुविएटिलिस. दोन्ही लहानखुरे. धसमुसळेपणाने ओढलास की पंखावरचे खवले झडतात आणि ही शीर वाचता येत नाही, तेव्हा एका ट्यूबमध्ये गर्दी करू नकोस. पायांवर आणि पाल्पवर पांढरे ठिपके शिंपडलेले दिसले तर तो स्टिफेन्सी. मुंबईच्या पाण्याच्या टाक्यांवरून त्याची बदनामी झाली खरी, पण लिस्टन नावाच्या संशोधकाने १९०१ साली त्याचं पहिलं वर्णन केलं ते वऱ्हाडातल्या एलिचपूरच्या, म्हणजे आपल्या अचलपूरच्या डासांवरून!

पण साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर यात नाही. भिंग कितीही चांगलं घेतलंस तरी ते मिळणार नाही.

दिसायला एकच पण वागायला वेगळे डास, हे कोडं आधी युरोपात पडलं होतं. मॅक्युलिपेनिस नावाचा डास जिथे तिथे भरपूर, पण हिवताप काही भागांतच. असं का? इटलीतल्या फालेरोनी नावाच्या निवृत्त आरोग्य निरीक्षकाने माद्यांना अंडी घालू दिली आणि अंडी पाहिली. एका मादीच्या अंड्यांवर एक नक्षी, दुसरीच्या अंड्यांवर वेगळी. १९२६ मध्ये त्याने हे मांडलं आणि आपल्या खात्यातल्या वरिष्ठांची नावं डासांना देऊन टाकली, लाब्रांकी आणि मेसी. (खात्यात दिवस काढलेल्या माणसालाच हे सुचावं.) पुढे कळलं की लाब्रांकी पक्का हिवताप-वाहक, तर मेसीचा ओढा मुख्यतः जनावरांकडे. मला विद्यापीठातल्या मंडळींपेक्षा या निरीक्षकाचं कौतुक जास्त.

आपल्या क्युलिसिफेसीसचं गुपित अंड्यांत सापडलं नाही, गुणसूत्रांत सापडलं. मादीच्या अंडाशयातल्या पोषक पेशींत ती जाडजूड, आडव्या पट्ट्यांची दिसतात. ग्रीन आणि माइल्स या संशोधकांनी १९८० मध्ये दाखवलं की काही माद्यांच्या एक्स गुणसूत्रावर पट्ट्यांचा क्रम एक, तर काहींच्या त्याच गुणसूत्राचे दोन तुकडे उलटे बसलेले. माळेतले मधले मणी काढून उलटे ओवावेत तसे. आता खरी मेख ऐक. दोघांचा संकर होत असता तर एक गुणसूत्र सुलटं आणि एक उलटं अशा लेकी सापडायला हव्या होत्या. एका गोठ्यात, एका भिंतीवर शेजारी बसलेल्या डासांतही त्या मिळेनात. म्हणजे जाती वेगळ्या. त्यांना ए आणि बी म्हटलं, पुढे सी, डी, ई आल्या.

एवढा खटाटोप कशाला, असं तू विचारशीलच. बी बहुतेक गुरांवर जगते आणि आपल्याकडे हिवताप पसरवण्यात तिचा वाटा नगण्य. ए, सी, डी वाहक. ई रामेश्वरमकडची, तीही वाहक. म्हणजे वहीत ‘क्युलिसिफेसीस शंभर’ एवढंच लिहिलंस तर गाव धोक्यात आहे की नाही हे त्या आकड्यावरून कुणालाच कळणार नाही. त्यात गोठ्यातून गोळा केलेल्या नमुन्यात बीचा भरणा जास्त असणारच. फ्लुविएटिलिसचंही तेच: त्यातली एस माणसाला चावणारी, टी गुरांना.

म्हणून कामाचं सांगतो. पोट अर्धं लाल, अर्धं पांढरट झालेली हाफ-ग्रॅविड मादी वेगळी काढ. गुणसूत्रांवरचे पट्टे तिच्यातच नीट वाचता येतात. अंडाशय एक भाग ॲसेटिक ॲसिड आणि तीन भाग मिथेनॉलच्या द्रावात टाक. पोटातलं रक्त फिल्टर पेपरवर टिप, माणसाचं की गुराचं ते त्यावरून समजतं. डोकं-छाती सुकवून ठेव, हिवतापाचे जंतू तिथे शोधतात. तिन्हींवर एकच नंबर घाल. नंबर चुकला तर जात एका मादीची आणि रक्त दुसरीचं, असा घोळ होतो आणि नंतर तो कुणालाच सोडवता येत नाही. पीसीआरची सोय असेल तर नुसत्या एका पायावरही भागतं, पण बाकीचा डास फेकायचा नाही.

लेबलवर गोठा की राहतं घर हे दर वेळी लिही. तपासणी होऊन येईपर्यंत वहीत ‘क्युलिसिफेसीस संकुल’, म्हणजे ए ते ई सगळ्या मिळून, एवढंच असू दे. साहेबांनी घाई केली तरी ए-बी अंदाजाने लिहू नकोस.

तुझा,
मामा