कडेचा तुकडा

वाचकहो, स्वयंपाकघरात नवलाची वस्तू आणणे हे पाप नव्हे. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी (१७९८–१८३२) यांना बालपणी मिशनरी श्वार्ट्झ यांचे मार्गदर्शन लाभले होते. त्यांच्या मुदपाकखान्यातील ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ या मराठी ग्रंथात ब्राह्मणी व मराठा पदार्थांच्या पंक्तीला इंग्रजी पदार्थही बसले आहेत. परक्या चवीचे कुतूहल तेथे लेखणीने पुढच्यांच्या हाती सोपविले.

आज ब्राउनी भाजण्यासाठी नागमोडी पडद्यांचे भांडे मिळते. पत्र्याला टेकलेली बाजू अधिक भाजून खमंग होते. या भांड्यात प्रत्येक तुकड्याला अशी कड येते. युक्ती खचितच चतुर आहे. पण साध्या चौकोनी भांड्यात मधल्या तुकड्यांना कड नसते. म्हणूनच नाताळात आई कडेचा तुकडा मुलाला देते व मधला स्वतः घेते. थोरला भाऊ धाकटीसाठी हात आवरतो.

आता विचार करा. ज्या घरी कोणालाच काही सोडावे लागत नाही, तेथे मुलांनी प्रीती कोठे शिकावी? टंचाई ही काही सद्गुणाची जननी नव्हे, हे खरे. आणि भांड्याचाही यात दोष नाही. मात्र त्याने जो त्याग वाचविला, तो आपण अन्यत्र केला पाहिजे. घरातील सर्वांना कड मिळाली असेल, तर यंदा एक खमंग तुकडा शेजारच्या दारी न्याल ना?