द्यूतातील कौशल्य

एखादे कृत्य निंद्य की स्तुत्य, हे ते किती कौशल्याने केले यावरून ठरविता येईल काय? प्रश्न असा उघडा मांडला तर कोणीही सुज्ञ वाचक नकारार्थीच मान हलवील. खिसेकापूच्या बोटांतील हस्तलाघव पाहून त्यास कोणी निर्दोष म्हणत नाही. परंतु द्यूताच्या बाबतीत आपल्या देशातील कायदा दीडशेहून अधिक वर्षे याच कसोटीस चिकटून राहिला. 1867 च्या जुगारविरोधी कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांस वगळले. सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमीत कौशल्याचे प्राधान्य मानले व तीन पत्त्यांचा डाव दैवाधीन ठरविला. पुढे पोकर नावाचा परदेशी डाव आला तेव्हा पंचाईत झाली. तो कौशल्याचा नव्हे असे 2017 साली गुजरातच्या उच्च न्यायालयाने म्हटले. तो कौशल्याचाच होय असे 2023 साली मद्रासच्या उच्च न्यायालयाने म्हटले.

भंडारा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यापुरता या भेदाचा अर्थ काय झाला, तो पाहावा. मंडईच्या दिवसांत झाडाखाली तीन पत्ते खेळणारे मजूर पोलिसांच्या धाडीस पात्र ठरत. त्याच गावात मोबाईलवर पैसे लावून पोकर खेळणारा तरुण मात्र 2025 पर्यंत कौशल्याचा उपासक म्हणून मिरवू शके. दोघांच्याही घरी धान विकून आलेलाच पैसा होता.

आमचे म्हणणे असे की, कौशल्य हे द्यूताचे समर्थन तर नाहीच, उलट त्याने दोष वाढतो. निव्वळ दैवाच्या खेळात खेळणारे दोघे निदान सारखेच आंधळे असतात. कौशल्याच्या खेळात एक डोळस व दुसरा आंधळा असतो, आणि आंधळ्यास आपण आंधळे आहो हे ठाऊक नसते. एखाददुसरा डाव तो जिंकेलही. पण खेळ लांबला की त्याची हार ठरलेलीच. शकुनी निष्णात होता, म्हणून कौरवसभेतील तो प्रकार अधिक न्याय्य झाला असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

विदर्भराजकन्या दमयंतीचा पती नळ याची कथा येथे बोधप्रद आहे. तो पुष्कराशी खेळून राज्य हरला. पुढे ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकला व त्याच पुष्कराकडून राज्य परत जिंकून बसला. परंतु जिंकल्यावर त्याने पुष्करास देशोधडीस लावले नाही. त्याचा वाटा त्यास देऊन सन्मानाने परत धाडले. विद्या हाती आल्यावर प्रतिपक्षी किती असहाय असतो, हे त्याने ओळखले असावे.

यावर कोणी म्हणेल, वैनगंगेकाठचा धानउत्पादक तरी पावसाशी जुगारच खेळत नाही काय? धोका तो पत्करतो खरा. परंतु पीक आले तर त्याच्या लाभासाठी शेजाऱ्याची कोठी रिती व्हावी लागत नाही. शंकरपटात जिंकणाऱ्या जोडीस मिळणारे बक्षीसही भरविणाऱ्यांनी ठेविलेले असते; ते हरलेल्याच्या घरातून येत नाही. बक्षीस आणि पण यांतील हा भेद कौशल्य व दैव यांतील भेदाहून फार मोलाचा आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा जो कायदा केला, त्यात पैशाच्या खेळांपुरता कौशल्य-दैवाचा वाद बाजूस सारून त्या सर्वांवर बंदी घातली. खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटीपर्यंत दंड सांगितला. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा ठेविली नाही. त्याविरुद्ध उच्च न्यायालयांत गेलेल्या याचिका सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतल्या. प्रौढ माणसाच्या स्वातंत्र्याचा व व्यवसायाच्या हक्काचा तेथील युक्तिवाद आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु स्वातंत्र्य हे स्वतःच्या वस्तूपुरते असते. जो स्वतःस हरला त्यास दुसऱ्यास पणाला लावण्याचा अधिकार कोठून आला, हा द्रौपदीचा प्रश्न त्या सभेत अनुत्तरित राहिला. पुढील हंगामाच्या बियाण्याचे पैसे पणास लावणाऱ्यालाही, ते पैसे एकट्या तुझे होते काय, हेच विचारले पाहिजे. आणि तो प्रश्न न्यायालयाआधी त्याच्या घरातच विचारला जावा.