रोहिणीचं पाणी आणि पाचवा पंच

बाबासाहेब आंबेडकरांचा सिद्धार्थ म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून घर सोडत नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर यातलं काहीच पाहिलं नसेल, हे बाबासाहेबांना पटण्यासारखं नव्हतं. त्यांचा सिद्धार्थ घर सोडतो तो युद्धाच्या एका ठरावामुळे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून मारामारी होते आणि शाक्यांचा सेनापती त्यांच्या संघासमोर, म्हणजे सभेसमोर, युद्धाचा प्रस्ताव ठेवतो. सिद्धार्थ उभा राहून म्हणतो, आधी दोष कुणाचा ते तपासा, आपलेही लोक निर्दोष नाहीत. आपले दोघे, त्यांचे दोघे, आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, असे पंच नेमा. मतदान होतं आणि सिद्धार्थ हरतो.

आसेगावच्या आमच्या विहारात वर्षावासात बाबासाहेबांचं ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतात. जोडाक्षरांना न अडखळता मोठ्याने वाचते म्हणून शाळेत असतानाच पुस्तक माझ्याकडे आलं. पाच पंचांची गोष्ट इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. धुऱ्याच्या भांडणात तेच होतं. फरक इतकाच, की पाचवा बहुतेक वेळा कुणाचा तरी साडू निघतो. पुढचा भाग आला की मात्र बाया सावरून बसतात. वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येकाने सैन्यात यावं असा आदेश निघतो. सिद्धार्थ नकार देतो, तेव्हा सेनापती त्याला धमकी देतो ती घरच्यांवर सामाजिक बहिष्कार टाकण्याची आणि जमीन जप्त करण्याची. देहांत आणि देशत्याग ही राजाची शिक्षा झाली, बहिष्कार ही गावाची. आमच्या वस्तीला तो शब्द पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. सिद्धार्थ म्हणतो, घरच्यांना हात लावू नका, शिक्षा मला द्या, आणि परिव्राजक होतो.

एवढं पाठ करून मी दिल्लीला जेएनयूत आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला गेले. केनेथ वॉल्ट्झचं ‘मॅन, द स्टेट अँड वॉर’ हे 1959 चं पुस्तक तिथे सगळ्यांनाच वाचावं लागतं. युद्धाचं मूळ माणसाच्या स्वभावात आहे, की राज्याच्या घडणीत, की ज्यांच्या वर कुणीच नाही अशा राज्यांच्या गर्दीत? वॉल्ट्झचा भर तिसऱ्यावर. युद्ध होतं, कारण त्याला अडवणारं वर कुणी नसतं. वर्गात एकाने लगेच बुद्धाला पहिल्या खान्यात टाकलं: तृष्णा गेली की युद्ध गेलं, म्हणजे भोळा आशावाद. मला हसू आलं. तृष्णेवरचं प्रवचन कितीतरी नंतरचं. आमच्या पुस्तकातला सिद्धार्थ राजकारणात तोंड उघडतो तेव्हा कुणाला मन शुद्ध करायला सांगत नाही. तो पाचवा माणूस मागतो.

शाक्य-कोलियांचा झगडा हेच गृहत्यागाचं कारण असावं, असं धर्मानंद कोसंबींनी अत्तदण्ड सुत्ताच्या आधारे आधीच मांडलं होतं. पण संघ, ठराव, मतदान, बहुमत आणि त्यातून उभा राहिलेला पेच असा तपशील बाबासाहेबांनी भरला. राज्यघटना लिहिलेल्या माणसाला तो दिसणारच. त्या घटनेच्या कलम 51 मध्ये आंतरराष्ट्रीय तंटे लवादाने सोडवायला उत्तेजन द्यावं, असं शासनाला सांगितलं आहे. ते मार्गदर्शक तत्त्वांत येतं, म्हणजे त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. सिद्धार्थाचा प्रस्तावही असाच, ऐकला तर ऐकला.

मग 26 ऑगस्ट 1954 चं राज्यसभेतलं भाषण हाताला लागलं. चीनशी झालेल्या करारातल्या पंचशीलाची बाबासाहेबांनी तिथे खिल्ली उडवली होती. माओचा पंचशीलावर विश्वास असता तर तो आपल्या देशातल्या बौद्धांशी वेगळा वागला असता, राजकारणात पंचशीलाला जागा नाही, असा त्यांचा सूर. रोज सकाळी पंचशील म्हणणाऱ्या घरातल्या मुलीला हे वाचून दचकायला होतं. दोनच वर्षांनी धम्म घेणारा माणूस हे बोलतोय! पण विचार केला तसा मला यात विरोध दिसेना. 1954 च्या पाच तत्त्वांत सद्भाव होता. तत्त्वं मोडली तर कुणाकडे जायचं, याची सोय त्या पाचांत नव्हती. रोहिणीच्या गोष्टीचा शेवट उलट आहे. सिद्धार्थ गेल्यावर लोक युद्धाविरुद्ध मिरवणुका काढतात, दोन्हीकडचे प्रतिनिधी बसतात आणि पाण्यासाठी कायमचं लवाद मंडळ नेमतात. शांतता मनावर सोडायची नाही, तिच्यासाठी यंत्रणा उभारायची, हे मला दोन्हीकडे एकच दिसतं.

2025 च्या पावसाळ्यात घरी होते. पहलगामच्या हल्ल्यानंतर, 23 एप्रिलला, भारताने पाकिस्तानशी झालेला 1960 चा सिंधू जलकरार स्थगित केला होता. त्या करारात कायमचा आयोग आहे, तटस्थ तज्ज्ञ आहे, लवाद न्यायालयही आहे. 1965 आणि 1971 च्या युद्धांतही तो टिकला. वाचन संपल्यावर आजीने विचारलं, “अन् समोरचा पंच न मानता मानसं मारूनच गेला, तं सिद्धार्थ काय म्हनते वं?”

वॉल्ट्झकडे याचं उत्तर आहे, पण ते आजीच्या कामाचं नाही. सिद्धार्थाकडे या प्रकरणात ते नाही, कारण कोलिय अखेर चर्चेला बसले. मी तिला सांगितलं, बुद्धाला न्यायासाठी बळ वापरणं अमान्य नव्हतं, असं बाबासाहेबांनी ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’मध्ये मांडलंय. आजी म्हणाली, “मंग न्याय कोनता ते आधी पाहा लागन नं.” म्हणजे पुन्हा चौकशी, पुन्हा पंच.

गावात सगळे विचारतात, परराष्ट्र सेवेत जाणार का. अधिकाऱ्याला ठरावाआधी विरोध नोंदवता येतो. ठराव झाला की दुसऱ्या दिवशी परक्या राजधानीत त्याचीच बाजू मांडावी लागते. सिद्धार्थाला तेवढंच जमलं नाही. आणि युद्ध टळल्याची बातमी आल्यावरही तो परतत नाही. राष्ट्रांमधला झगडा अधूनमधून होतो, वर्गांमधला रोजचा, असं त्याला दिसतं. 2025 च्या त्याच पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, अमेरिकेच्या आयातशुल्काचा फटका बसणाऱ्या कापड उद्योगासाठी भारताने कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क तात्पुरतं काढलं. झगडा दोन देशांचा, धास्ती मात्र आमच्याकडच्या कापूसवाल्यांना. संशोधनासाठी मी हाच विषय दिला आहे. मार्गदर्शकांनी विचारलं, यात आंतरराष्ट्रीय काय?