सोबत नेलेला प्रश्न

शिफारसपत्र मागायला आलेल्या एका मुलीने माझ्यासमोर दोन पानं ठेवली. परदेशी विद्यापीठाला अर्जासोबत पाठवायचा मजकूर होता तो, मुलं ज्याला 'एसओपी' म्हणतात. कन्सल्टन्सीतून लिहून आणलेला. लहानपणापासून विज्ञानाची आवड, जागतिक दर्जाच्या शिक्षणाची ओढ, मानवजातीची सेवा. नाव बदललं तर आणखी शंभर जणांना चालला असता. मी विचारलं, "घरी शेती ना तुमची? काय असतं शेतात?"

"कांदा, सर."

मग ती बोलायला लागली. एप्रिलमध्ये चाळीत भरलेला उन्हाळ कांदा दसऱ्यापर्यंत किती उरतो, पाऊस लागला की काजळी कुठे धरते, कोंब कधी फुटतात, आणि चाळीतून वास यायला लागला की आई-वडील रात्री बॅटरी घेऊन सडका कांदा कसा निवडत बसतात. वीस मिनिटं ती थांबली नाही. "मग यातलं काहीच का नाही लिहिलंस?" असं विचारल्यावर म्हणाली, "सर, ते घरचं आहे."

ते उत्तर माझ्या मनातून जाईना. घरचं म्हणजे सांगण्यासारखं नाही, परदेशी जाताना ते उंबऱ्याच्या आत ठेवून जायचं, हे या मुलीला कुणी शिकवलं? आपल्याकडून समुद्रापार शिकायला गेलेली पहिली माणसं तर नेमकं घरचंच घेऊन गेली होती.

आनंदीबाई जोशींचं बघा. १८८३ च्या फेब्रुवारीत त्या श्रीरामपूरला, बंगालमधल्या, भाषणाला उभ्या राहिल्या तेव्हा अठरा वर्षांच्याही नव्हत्या. समुद्र ओलांडला की जात गेली, असं मानण्याचा तो काळ. अमेरिकेला का जाता, याचा जबाब त्यांना भरसभेत द्यावा लागला. इथल्या बायका पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नाहीत, म्हणून बाई डॉक्टर हवी, हे त्यांचं उत्तर. त्यामागे त्यांचं स्वतःचं मूल होतं, जन्मून काही दिवसांतच गेलेलं. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ ला, त्या पुण्यात गेल्या. एकाही रुग्णाची सेवा इथे करता आली नाही, याची हळहळ मला आजही वाटते. पण परदेशी शिक्षण कशासाठी, याचं मराठीतलं सर्वांत स्वच्छ उत्तर त्यांचंच आहे.

पुढे या कल्पनेला अभिमानाचा रंग चढला. १८९९ मध्ये रघुनाथराव परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले आणि 'रँग्लर' हा शब्द मराठीत नावाआधी लागू लागला. आपणही इंग्रजांच्या बरोबरीचे आहोत, हे सिद्ध झालं. गुलाम देशाला त्याची गरज होतीच. शिवाय परांजपे शब्द दिल्याप्रमाणे फर्ग्युसनमध्ये शिकवायला परत आले, हे विसरू नये. पण बॅरिस्टर, आय.सी.एस. अशा मोठ्या पगाराच्या अक्षरांसाठी जाणंही त्याच काळात रुळलं.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले, ते कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला. ९ मे १९१६ ला तिथल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला, तो भारतातल्या जातींवर. ज्या गोष्टीने शाळेत वेगळं बसवलं, तिच्याकडे ते तिथे अभ्यासाचा विषय म्हणून बघू शकले. परदेशाने त्यांना ते अंतर दिलं. दुसरी गोष्टही दिली, जी कुठल्याच अभ्यासक्रमात नसते: आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव तिथल्या वास्तव्यात मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः नोंदवून ठेवलं आहे. १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राहायला कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत खोटं नाव सांगून राहावं लागलं, आणि लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तिथूनही हाकललं. कोलंबियाची पदवी त्या लाठ्यांपुढे काहीच कामाला आली नाही. कामाला आलं ते हे, की माणूस माणसाशी वेगळं वागू शकतो हे त्यांनी अंगावर अनुभवलेलं होतं. ज्याने ते अनुभवलंय त्याला 'असंच असतं' हे पुन्हा कधी पटत नाही.

इरावती कर्व्यांचा बर्लिनमधला अनुभव मला याच माळेतला वाटतो. १९२८ साली त्या तिथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवट्यांची मापं घेऊ लागल्या. कवटीच्या ठेवणीत युरोपीय माणसाचं वरचढपण सापडेल, ही मार्गदर्शकांची अपेक्षा. मापांत ते सापडलं नाही, आणि बाईंनी तसंच लिहिलं. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हातात त्यांच्याच मताविरुद्ध. खरा अभ्यास काय असतो हे मुलांना सांगताना मी हीच गोष्ट सांगतो.

नंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९६५ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला, इंजिनीअर आणि डॉक्टर जाऊ लागले, शिक्षण हा तिकडे स्थायिक होण्याचा रस्ता झाला. त्यांना मी दोष देत नाही. इथे प्रयोगशाळा नव्हत्या, नोकऱ्या नव्हत्या. आता तर घर गहाण टाकून कर्ज काढलेलं असतं, मुलाला हप्त्याच्या हिशेबानेच विषय निवडावा लागतो. पण कर्जाच्या ओझ्याखाली 'तिकडे जाऊन शोधणार काय?' हा प्रश्नच विचारायचा राहून गेला, हे नुकसान मोठं आहे. मी स्वतः कितीतरी वर्षं शिफारसपत्रं लिहिताना तो विचारला नाही. चांगले गुण, चांगली वर्तणूक, सही.

त्या मुलीने एसओपी नव्याने लिहिला. पहिलं वाक्य चाळीतल्या वासाचं होतं. ती आज नेदरलँड्समध्ये वाखेनिंगनला आहे आणि साठवणीतल्या कांद्यावरच काम करते.

आता एक मागणी. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी आहे. २०२२ च्या नियमांत तिच्यातून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. भारताचा अभ्यास भारतात होऊ शकतो, हे खरंच आहे. तो १९१६ मध्येही होऊ शकत होता. तरी जातींवरचा तो निबंध न्यूयॉर्कमध्ये वाचला गेला, आणि आजच्या एखाद्या भीमरावाने तोच विषय घेऊन अर्ज केला तर या अटीखाली तो बाद होईल. ही अट काढून टाकली पाहिजे. ज्यांच्या घरचं दुखणं सर्वांत जुनं आहे, त्यांनाच ते घरी ठेवून जा असं सांगण्याचा अधिकार कुणाला नाही.